वजा केलेल्या कुस्त्या

सोमवार, ६ जानेवारी

माह्या खोलीत तो कॉम्प्युटर आनून बसवला तवा मले कोनी इचारलं नाही. हे पहिले लिहिते, बाकीचं मंग. नेटची वायर माह्याच खिडकीतून आत येते म्हने, म्हनून डब्बा तिथंच पाह्यजे. खिडकी हालवता येत नाही, बुढी हालवता येते. माही खाट सरकवून कोठीघराच्या दाराले लावली. आता जो कांदे काढाले जाते तो माह्या पायाले धडकून जाते.

ते बी सोसलं. पन हा डब्बा घोंगावते. समीक्षा कामाले बसली आन घोंगावला तर समजू शकते. बैल बी नांगराले जुपला की फुरफुरते. हा कोनी नसतांनी घोंगावते! दुपारी समीक्षा, आमची पोट्टी, उठून बापासंग मेथीच्या जुड्या बांधाले मळ्यात जाते, खोलीत मी एकटी, आन टेबलाखाली तो डब्बा घूंऽऽ करून राह्यते. हात लावून पाह्यला तर चुलीवरच्या च्याच्या गंजासारखा गरम.

समीक्षाले सांगतलं. समीक्षा म्हंजे माही नात. ती म्हने, "आजी, तू लिहून ठेव. कवा घोंगावते, कवा अडते, तवा काय चालू होतं. मले तर कारनच सापडत नाही."

"मी लिहू? माही शाळा तिसरीत सुटली."

"बजारात वांग्याचे कट्टे लिहीत होती ना?"

"त्याच्यात काय, एका पोत्याले एक रेघ."

"मंग रेघा लिही."

कृषी केंद्रवाल्यानं माह्या पोराले, चंपतले, ही डायरी देल्ली होती. तो तिच्यावर च्याचा कप ठेवत होता. मी घेतली. दर पानाच्या खाली एका किड्याचं चित्र आन त्याच्यावरचं औषध आहे. आजचा किडा बोंडअळी. नमस्कार.

मंगळवार, ७ जानेवारी

समीक्षाचं काम असं आहे. दवाखान्यातले कागद फोटो होऊन येतात, डाक्टरचं ते मुंग्यायचं अक्षर वाचून ती टाइप करते. सकाळी एक पाळी, मंग लंबी सुटी, मंग उन्हं कलल्यावर दुसरी. कंपनीचं हापीस नागपूरले. सध्या परीक्षेचे महिने चालू आहेत, या महिन्याच्या आखरीले संपतात. मशीन नीट चालली तर नोकरी पक्की आन घरूनच. घडीघडी अडली तर तिचा सायेब म्हनते, तुमच्या घरचा भरवसा नाही, नागपूरले येऊन हापिसात बसा.

नागपूरले ती मांगं एक वर्ष राहून आली. होस्टेलचं पानी, मेसचं वरन. आली ते कावीळ घेऊन, डोळे असे पिवळे का झेंडूनं लाजावं. मी काही बोलत नाही. मोठी झाली, जाईन तर जाईन. फक्त माह्या गुडघ्याले तेल कोन लावीन एवढाच प्रश्न आहे. निताचा हात जड आहे. निता म्हंजे सून.

बुधवार, ८ जानेवारी

दुपारच्या सुटीत डब्बा माहा. समीक्षानं पडद्यावर एक चित्र ठेवून देल्लं, त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की भजनं निंगतात. घरच्यायले वाटते बुढी भजन आयकून राह्यली. वाटू द्या.

एक दिवस भजनाच्या बाजूले कुस्तीचं चित्र दिसलं. जत्रेतली, लाल मातीतली. म्हनलं पाहू तर. मंग काय! माह्या बापाच्या गावाले आखाडा होता, पोरीयले तिकडे जाऊ देत नव्हते. आमी कुडाच्या भोकातून पाहो. आता भोक मोठं झालं एवढंच.

सुनेनं आयकू नये म्हनून मी पहिले भोंग्याच्या चित्रावर टिचकी मारून आवाजाचा गळा दाबते. मंग पाह्यते. पाहून झालं, नाहीतर कोनाच्या चपला वाजल्या, की वरच्या कोपऱ्यातलं वजाचं चिन्ह दाबते. त्याच्या बाजूले गुणाकाराचं बी चिन्ह आहे. त्याले मी मेली तरी हात लावत नाही. एक कुस्ती पुरे, गुनून दहा कायले करता? शाळा तिसरीत सुटली असली तरी वजाबाकी आन गुणाकार माहा पक्का आहे. वजा केली की गेली. दुसऱ्या दिवशी नवी.

डब्बा आज बी घोंगावला. कोनी बसलं नव्हतं. कारन सापडलं नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

आज भर कामात अडला. समीक्षा टाइप करते आन अक्षर च्या पेऊन येते. पोट्टीच्या कपाळावर घाम, जानेवारीत.

मंग तिनं तीन खटके एकदम दाबले, एक यादी उघडली.

"पाय आजी. समोर दिसते ते थोडंच असते. मांगं मांगं हे एवढे चालू राह्यतात."

"मांगं म्हंजे कोठी? परसात?"

"तसंच समज."

"आन यायले बोलावलं कोनं?"

"कोनीच नाही. आपोआप येतात."

आपोआप तर आपल्या घरी जावई बी येत नाही. मी म्हनलं, एकेकाचं नाव वाच. ती वाचत गेली. मधात एक आलं, स्वचोस्ट का कायतरी.

"स्वच्छ?"

"तसंच."

खाली पाह्यते तर स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ, रांगच लागलेली. एवढे झाडूवाले आन डब्ब्यात एवढा कचरा! मी म्हनलं, सरकारी असतीन.

आकडे मले वाचता येतात. सगळ्यात वर होता त्याच्यासमोर सगळ्यात मोठा आकडा. मी म्हनलं, "हा वरचा लय खाते वो."

"तो ब्राऊजर होय. त्याले काही म्हनू नको, माहं काम त्याच्यातच चालते."

बरोबर आहे. घरच्याच्या ताटाकडे पाहू नये.

मंग ती म्हने, "रनटाइम ब्रोकर."

"ब्रोकर म्हंजे?"

"दलाल."

माह्या हातातला कप हातातच राह्यला. उभा जलम वाशीमच्या बजारात वांगे विकले मी. दलाल काय असते हे कोनाले मले शिकवाव लागत नाही. माल आपला, घाम आपला, आन हा मधात उभा राहून दोन्हीकडून चाटते. तो आता माह्या खोलीत, माह्या खाटेपासून हातभर!

"हान त्याले," मी म्हनलं.

"आजी, तो काही खात नाही. पाय, त्याच्यासमोर शून्य हाये."

"दलालासमोर शून्यच राह्यते. कागदावर."

तिनं माह्या समाधानासाठी मारायचा खटका दाबून हानला. आमी पाहूनच राह्यलो होतो, तर तो खालून परत आला.

"पाह्यलं? दलालच होय."

शनिवार, ११ जानेवारी

दलाल आहेच. डब्बा घोंगावला. आजचा किडा फुलकिडे.

सोमवार, १३ जानेवारी

चंपतनं वाशीमवरून पवनले आनलं. पवनचं बसस्टँडकडे कॉम्प्युटरचं दुकान आहे. गाडीवरून पुरा उतरला बी नाही तोच म्हने, "फॉरमॅट माराव लागीन."

"म्हंजे?"

"सगळं पुसून टाकाचं काकू, नवं भराचं."

"पोट्टीचं काम?"

"ते बी पुसीन."

"ढेकनं झाले म्हनून कोनी घर पेटवत नाही, बाबू."

"मंग झोपा ढेकनासंग."

चंपत हासला. मी त्याच्याकडे पाह्यलं, मंग नाही हासला.

मी पवनले दलालाचं सांगतलं. तो म्हने, काकू तो सगळ्यायच्या घरी राह्यते. म्हनलं, म्हनूनच हे हाल आहेत सगळ्यायचे. डब्ब्याची सारी वायर काढून, उघडून, तोंडानं फुंकला, ब्रशनं झाडला. आतून मूठभर धूळ, समीक्षाचं हरवलेलं कानातलं आन एक मेलेलं झुरळ निंगालं. झुरळ त्यानं सगळ्यायले दाखवलं, जसं काही त्यानंच शिकार केली.

परत जोडून चालू केला तर काय सांगू! गप. हात लावला तर थंड. समीक्षा म्हने, "लोन्यासारखा चालून राह्यला." एवढ्याशा झुरळानं एवढं केलं होतं.

पवननं जातांनी सांगतलं, अधून मधून पुरा बंद करत जा. समीक्षा तो बंद करत नाही, झोपवते. चालू व्हाले लय येळ घेते म्हने.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. डब्बा शांत, अक्षर हुकमासारखं धावते. निता वानाच्या तयारीत, समीक्षा मळ्यात. मशीन एवढी चांगली झाली तर वापरली पाह्यजे, म्हनून दुपारी चांगल्या कुस्त्या पाह्यल्या. पुरी एकबी झाली नाही. हळदीकुंकवाच्या बाया येऊन राह्यल्या होत्या, दर खेपेले कोनीतरी दारात. चपला वाजल्या की वजा. बाई गेली की नवी. परत चपला, परत वजा. शेजारची रूपा तर उंबऱ्यातूनच म्हने, "अग्गोबाई, काकूच्या खोलीत कॉम्प्युटर!" असं डोळे फाडून पाह्यलं तिनं.

बुधवार, १५ जानेवारी

परत घोंगावला! सकाळच्या पाळीतच. पहिल्यापेक्षा जास्त. समीक्षाचं एक पान दोनदा गेलं, दोनदा टाइप केलं.

चंपत म्हने दुसरं झुरळ असीन. मले तसं वाटत नाही. झुरळ एका दिवसात एवढं मोठं होत नाही.

समीक्षा संध्याकाळी तेल लावाले बसली तर निस्तं एकाच गुडघ्याले लावत राह्यली. दुसऱ्याले मीच लावलं.

गुरुवार, १६ जानेवारी

आज मीच हातात घेतलं. ही पोट्टी लाजते, पवन फुंकते, चंपत हासते. कोनालेतरी काही कराव लागते.

दुपारी दार लोटून घेतलं आन ते तीन खटके दाबले. दोन बोटायनं दाबले, तिसऱ्याले अडकित्त्याची दांडी लावली. यादी उघडली. इंग्रजी येत नाही, पन दलालाच्या नावाचा चेहरा मले पाठ झाला, जसा शेजारच्याचा बैल ओळखू येते. हानला. तो परत आला. परत हानला. मनात म्हनलं, जलमभर तुमी आमाले थकवलं, आज पाहू कोन थकते. मी थकली.

तेवढ्यात यादीत एक चित्र दिसलं. डोळा! निळा, टक्क उघडा, पापन्या नाहीत, काही नाही. मी आपली इतके दिवस दलालाच्या मांगं, आन ह्या मशीनले तर सरळ सरळ नजर लागलेली! मंगळवारी रूपा आली, बुधवारी मशीन बिघडली. अजून काय पुरावा पाह्यजे?

डोळ्यावर टिचकी मारली, मंग तो मारायचा खटका दाबला. डोळा मिटला, परत आला नाही. वरून मीठ-मिरच्या डब्ब्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका तर सोडा, वास बी आला नाही. म्हंजे नजर भारी होती.

समीक्षाले सांगतलं नाही. चांगलं काम सांगून करू नये.

शुक्रवार, १७ जानेवारी

समीक्षा सकाळी माह्या खाटेवर येऊन बसली. आवाज असा हळू का मले तवाच समजलं.

"आजी, तुनं त्या यादीतलं काही बंद केलं काय?"

"दलालाले हानलं. तो तर तू बी हानते."

"अजून?"

"एक डोळा होता."

ती भिताडाले टेकली.

"आजी, तो कंपनीचा डोळा होता. मी बसली का नाही ते तो पाह्यते. थोड्या थोड्या येळानं पडद्याचा फोटो काढून नागपूरले धाडते. काल पुरी पाळी मी काम केलं, आन कागदावर मी नव्हतीच."

"दिवसभर पोरीवर टक लावून बसते, फोटो काढते. मंग मी काय खोटं म्हनलं? नजरच ना!"

ती हासली, पन डोळ्यात पानी होतं. एका चेहऱ्यात दोन्ही ठेवाले जागा नसते, म्हनून ती उठून गेली.

तिच्या सायबाचा निरोप आला. धीरज सर नाव आहे. लिहिलं होतं का ही शेवटची समज, अजून एकदा काही झालं तर पहिल्या तारखेपासून नागपूर. चंपत म्हने, "जाईन. आता कावीळ काही दरसाल थोडीच होते." निता म्हने, "तुमी जा ना मंग. खा तिथलं वरन." आन पळी आपटली.

मी जेवली नाही. भाजी खारट होती.

शनिवार, १८ जानेवारी

हे लिहाव का नाही, विचार केला. पन समीक्षानं सांगतलं होतं का सगळं लिही.

सकाळच्या पाळीत डब्बा पुरा गोठला. पडद्यावरचा बान बी हालेना. समीक्षानं बटन दाबून धरलं, मारला, परत जिवंत केला. डोळा आधी उघडला, तिनं पाहून घेतलं. मंग पडद्यानं काहीतरी इचारलं, तिनं घाईत 'हो' दाबलं. म्हने पहिलेचं सगळं परत आनू का इचारते, माहं काम त्याच्यात हाये.

काम परत आलं. कामासंग सगळंच परत आलं. एकावर एक, एकावर एक, संक्रांतीच्या, त्याच्यानंतरच्या, सगळ्या कुस्त्या. मी दाबलेला गळा बी मोकळा झाला, आवाजासकट! हलगी वाजून राह्यली, पंच बोंबलून राह्यला, लोकं शिट्ट्या मारून राह्यले, आन लंगोटवाले गडी एकामेकाच्या मानेवर हात टाकून पडद्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. निता हातात लाटनं घेऊन धावत आली. चंपत वावरात निंगाला होता, तो चपलीसकट आत आला.

"भजन असीन," मी म्हनलं.

एक गडी आपटला, लोकं ओरडले.

समीक्षानं माह्याकडे पाह्यलं. "आजी, हे तुनं बंद काहून नाही केलं?"

"केलं ना! एक एक वजा केली. एकबी ठेवली नाही."

"वजा?"

मी बोट लावून दाखवलं.

"आजी, त्यानं बंद होत नाही वो. खाली लपते फक्त. मांगं चालूच राह्यते. एक संपली की दुसरी आपोआप लागते."

"मंग बंद कायनं होते?"

"ही फुली नाही काय."

"तो गुणाकार होय."

चंपतनं तोंड भिताडाकडे केलं. त्याचे खांदे हालत होते. निताच्या तोंडात पदर. मी म्हनलं, हासा. वजा केलं की राह्यते आन गुनलं की जाते, हे गणित कोन्या मास्तरानं शिकवलं ते मले दाखवा, मंग हासा.

ब्राऊजरच खात होता म्हने. ज्याले घरचा म्हनून सोडलं, त्याच्याच पोटात माह्या कुस्त्या. समीक्षानं फुल्या मारत मारत सगळ्या काढल्या. शेवटची गेली तसा पंखा हळूहळू निजला. मी कानानं आयकलं.

पन तवरोक डोळ्यानं फोटो काढला होता. दुपारच्या आत निरोप आला. 'कामाच्या वेळेत स्क्रीनवर काय सुरू होतं, सोमवारी अकरा वाजता फोन करू, खुलासा द्यावा.'

पोट्टी कामाच्या येळात लंगोटवाले पाह्यते, असं आता नागपूरले लिहिलेलं आहे.

रविवार, १९ जानेवारी

आज घरात सभा. चंपत म्हने, "सांग लाईन गेली होती." मी म्हनलं, लाईन गेली तर फोटो कसा निंगाला, अकलेच्या? आन लाईन गेली म्हनशीन तर तो म्हनीन, म्हनूनच तर नागपूरले या, इथं जात नाही.

पवनले फोन लावला. पवन म्हने, "व्हायरस होता म्हना. व्हायरसले कोनी काही इचारत नाही." मंग म्हने, "आन फॉरमॅट मारून घ्या." व्हायरस म्हटलं तर दवाखान्याचे कागद ह्या घरी धाडतीन काय ते? तेवढं मले बी समजते.

समीक्षा म्हने, "मी सांगीन, चूक माही होती. मी पाहून राह्यली होती."

"तू? तुले पहेलवान आन पवनमधला फरक माहीत नाही."

"मंग काय सांगू? आजीनं केलं सांगू? ते हासतीन तुह्यावर."

"हासू दे. हासनारा मानूस लवकर भाव कापत नाही. बजारात मी तेच करत आली."

ती मान खाली घालून नखं खरडत बसली. मंग म्हने, "आन आजी, तो दलाल. मी वाचलं त्याच्याबद्दल. तो काही चोर नाही. डब्ब्यातल्या कोन्या प्रोग्रामले काय पाहाची परवानगी हाये, ते तपासते तो. परवानगी नाही त्याले आत सोडत नाही."

"म्हंजे दारावरचा?"

"हाव."

"मंग त्याचं नाव दलाल कोनं ठेवलं? बारशाले मानसं नव्हते काय?"

मी चौकीदाराले हान हान हानलं, आन तो बिचारा परत परत कामावर आला. शंभरात एक दलाल असा निंगते. बजारात मले भेटला नाही.

सोमवार, २० जानेवारी

सकाळपासून मोबाइल माह्या पदराखाली होता. अकराले वाजला. समीक्षानं हात पुढं केला. मी तिले बोटानं खाटेवर बसवलं आन हिरवं बटन दाबलं. आवाज मोठा ठेवला, सगळ्यायले आयकू गेला पाह्यजे.

"हॅलो, समीक्षा?"

"समीक्षाची आजी. धुरपताबाई. बोला."

"नमस्कार आजी. जरा समीक्षाला द्याल का? ऑफिसच्या कामाचं आहे."

"कुस्तीचंच हाये ना? मंग माह्यासंग बोला. पाह्यनारी मी होय."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"आजी, शनिवारी कामाच्या वेळेत..."

"कामाच्या येळेत कोनी पाह्यल्या नाहीत. दुपारच्या सुटीत मी पाह्यल्या. शनिवारी त्या दिसल्या. तवरोक वजा होत्या."

"काय होत्या?"

मंग मी त्याले चिन्हाचं सगळं समजावून सांगतलं. वजाचं बी, गुणाकाराचं बी. त्याले म्हनलं, तुमी शिकलेले, तुमीच सांगा. त्यानं खोकल्यासारखं केलं.

"आणि गुरुवारी आमचं मॉनिटरिंग बंद झालं, ते कसं?"

"ते बी मीच. त्याले डोळा होता."

"डोळा होता म्हणून बंद केलंत?"

"तुमच्या घरच्या भिताडावर कोनी असा डोळा काढला तर तुमी काय करसान? हार घालसान?"

आता तो खरंच खोकलला. मंग सायबी आवाज काढला. "हे बघा आजी, मला समजतंय. पण नियम आहेत. दोनदा प्रकार झाला. मी फार तर तिची परीक्षा एक महिना वाढवू शकतो. त्यात पुन्हा अडचण आली तर नागपूर."

"महिना? आठ दिवस."

"आजी, हा काही भाव नाही."

"सगळा भावच असते. पोट्टीचं काम पाह्यलं का? एक चूक काढून दाखवा."

"काम चांगलंच आहे तिचं. प्रश्न मशीनचा आहे."

"मंग मशीनले वाढवा महिना. पोट्टीले काहून?"

समीक्षानं दोन्ही हातानं तोंड झाकलं. निता दाराआडून मले बोटं जोडून दाखवत होती का बस करा, बस करा. निताले विकता येत नाही, म्हनून तिले मी कवाच बजारात बसू देल्लं नाही.

"बरं, पंधरा दिवस," तो म्हने. "मशीन एकदाही अडलं नाही तर घरून काम कायम. मेल टाकतो."

"कबूल," मी म्हनलं, आन म्हनल्याबरोबर समजलं का घाई झाली. एवढ्या पटकन उतरला म्हंजे दहावर बी आला असता.

"आणि आजी, घरच्या मशीनसाठी एकच जबाबदार व्यक्ती लागते. पुढे काही झालं तर आम्ही कोणाला विचारायचं? कोणाचं नाव घालू?"

समीक्षा तोंड उघडाच्या आत मी म्हनलं, "धुरपताबाई. धु पहिला उकार. नागपूरले लोकं चुकवतात."

मंगळवार, २१ जानेवारी

मेल आली. समीक्षानं वाचून दाखवली, पंधरा दिवस, घरून. चंपत म्हने, "माय, तुले तर कंपनीत घेतलं पाह्यजे." मी म्हनलं, डोळा असलेल्या ठिकानी मी बसत नाही.

डब्बा गप. इतका गप का दुपारी झोप येत नाही.

निताले चपला वाजवत यायले सांगतलं, म्हंजे तिनं न सांगता कुस्ती पाहाले बसू नये. एकदा हळूच येऊन माह्या मांगं बसली होती, मले दिसलं. इचारलं असतं तर मी बसू देल्लं असतं.

आता हे पान फाडून दारावर लावते, सगळ्यायनं वाचावं. सायबाचा फोन आला, काही अडलं, कोनी काहून म्हनून इचारलं, तर उत्तर मी देईन, समीक्षानं तोंड उघडायचं नाही. पडद्यानं काही इचारलं, हो का नाही, ठेवू का काढू, तर उत्तर एकटी समीक्षा देईन. ती वावरात असली तर पडद्यानं वाट पाहावी, तो काही दूध पिता लेकरू नाही. नितानं शिष्टाचार म्हनून बी 'हो' दाबू नये. आन चंपतनं कोनालेच उत्तर देऊ नये, ना सायबाले, ना डब्ब्याले. कोनी फारच धरलं तर एवढंच म्हनावं, माय घरात हाये, तिले इचारा.